ऑपरेशन छान झालं म्हणतात, मग पाय का हलत नाहीत? : मणक्याच्या मोठ्या मारावर वाचकांचे प्रश्न

आंबे-नारळ काढायचे दिवस, लग्नसराईतले रात्रीचे बाइकचे प्रवास आणि सुट्टीत विहिरीत-कॅनॉलमध्ये उड्या मारणारी पोरं. या दिवसांत मणका मोडलेले पेशंट आमच्याकडे जास्त येतात आणि या सदरात पत्रंही त्याचीच जास्त आलीत. ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय, सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : माझे मिस्टर आंब्याच्या झाडावरून पडले. कमरेखालचं काहीच कळत नव्हतं. आधी तालुक्याला, मग जिल्ह्याला, मग मोठ्या शहरात नेलं, तिथे तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. डी-12 मणका फुटलाय, आठ स्क्रू आणि दोन रॉड टाकलेत. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन छान झालं. पण तीन आठवडे झाले, पाय हलत नाहीत, लघवीची नळीही तशीच आहे. मग छान काय झालं? आणि आमच्याकडून उशीर झाला का?
— एक ताई, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : ताई, हे सगळं खरं तर ऑपरेशनच्या आधीच कोणीतरी तुम्हाला समोर बसवून सांगायला हवं होतं. आपल्याकडे घाईत सही घेतली जाते आणि घरचे समजतात की ऑपरेशन म्हणजे पाय परत येणार.

पाठीच्या कण्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक हाड, म्हणजे मणके, आणि दुसरी त्यांच्या आतल्या पोकळीतून मेंदूकडून खाली येणारी मज्जारज्जू, जेमतेम करंगळीएवढी जाड. छातीचे मणके बरगड्यांमुळे घट्ट असतात, कमरेचे मोकळे वाकतात, त्यामुळे उंचावरून पडल्यावर सगळा जोर या दोघांच्या सांध्यावर येतो, म्हणून डी-12 (छातीचा शेवटचा) आणि एल-1 (कमरेचा पहिला) हेच मणके सर्रास फुटलेले दिसतात. मणका फुटला की हाडाचा तुकडा मागे सरकून रज्जूवर दाबला जातो. पडण्याच्या त्या एका क्षणात रज्जूला जो मार बसतो तो बसतोच, कुठलाही सर्जन तो पुसू शकत नाही. पण त्यानंतर पुढचे काही तास आणि दिवस रज्जूला सूज येते, रक्तपुरवठा कमी पडतो आणि आधी वाचलेल्या पेशीही मरायला लागतात. आमची सगळी धडपड या दुसऱ्या नुकसानासाठी असते.

ऑपरेशनमध्ये पेशंटला पालथं झोपवतात, पाठीच्या मधोमध उघडतात, फुटलेल्या मणक्याच्या वरच्या दोन आणि खालच्या दोन मणक्यांत दोन्ही बाजूंनी स्क्रू बसवतात, म्हणजे तुमचे आठ झाले, प्रत्येक स्क्रू सी-आर्म म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच चित्र दाखवणाऱ्या एक्स-रे मशीनवर बघत बघत, कारण काही मिलिमीटर इकडेतिकडे झालं तर तो रज्जूत किंवा मोठ्या रक्तवाहिनीत जाऊ शकतो. मग रॉडने ते जोडून मणका सरळ करायचा, रज्जूच्या मागचं हाड काढून जागा मोकळी करायची आणि आत घुसलेला तुकडा बाहेर काढायचा किंवा पुढे ढकलायचा. तेव्हा ‘छान झालं’ याचा अर्थ एवढाच की हाड जागेवर आलंय, पक्कं झालंय आणि रज्जूवरचा दाब निघालाय. रज्जू शिवता येत नाही. ती किती परत येईल हे तिच्या स्वतःच्या शिल्लक ताकदीवर आहे.

आता डॉक्टरांना एक गोष्ट स्पष्ट विचारा : ग्रेड ए आहे की बी? जगभर ही ए ते ई अशी प्रतवारी वापरतात. ‘ई’ म्हणजे तपासणीत सगळं नॉर्मल. ‘ए’ म्हणजे माराच्या खाली अगदी गुदद्वारापाशीसुद्धा काही कळत नाही आणि तिथला स्नायू आवळता येत नाही. ‘बी’ म्हणजे हालचाल नाही पण तिथे स्पर्श कळतो. हे तपासायला डॉक्टरांना बोट घालावं लागतं, पेशंटला संकोच वाटतो, घरच्यांना विचित्र वाटतं, पण पुढचा अंदाज बांधायला एवढी महत्त्वाची दुसरी तपासणी नाही. तिथे टाचणी टोचलेली कळत असेल तर आशा खरी आहे, मनाची समजूत नाही. माराच्या सुरुवातीला रज्जू पूर्ण गप्प होते, त्याला स्पायनल शॉक म्हणतात, तो ओसरायला काही दिवस ते काही आठवडे लागतात, म्हणून पहिल्या दिवशी कोणी ‘आता कधीच चालणार नाही’ म्हटलं असेल तर ते घाईचं होतं. पण महिनाभरानंतरही ‘ए’ असेल तर पाय परत येण्याची शक्यता फार कमी असते आणि हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. जी सुधारणा व्हायची ती बहुतेक पहिल्या सहा ते नऊ महिन्यांत दिसते, नंतर वेग मंदावतो. डी-12 च्या आसपास रज्जूचं शेवटचं टोक असतं, लघवी-संडासचं नियंत्रण तिथून चालतं, त्यामुळे तुमच्या मिस्टरांच्या बाबतीत नळीचा प्रश्न पायांइतकाच मोठा आहे.

उशिराबद्दल. 2012 साली मानेच्या माराच्या पेशंटवरचा एक मोठा अभ्यास छापून आला, त्यात 24 तासांच्या आत ऑपरेशन झालेल्यांपैकी 19.8 टक्के लोक सहा महिन्यांत दोन किंवा जास्त ग्रेड सुधारले, उशिरा झालेल्यांत 8.8 टक्के. 2021 मध्ये दीड हजारावर पेशंटची माहिती एकत्र करून पाहिली तेव्हाही लवकर केलेलं बरं हेच दिसलं, म्हणून आता आमचा नियम 24 तासांचा. पण हेच आकडे उलटे वाचा : वेळेत ऑपरेशन होऊनही पाचातल्या चौघांना एवढी मोठी सुधारणा मिळालीच नाही. तेव्हा ‘मी अजून एक गाडी केली असती तर’ असं रात्री स्वतःला विचारत बसू नका. जो वेळ गेला तो तीन दवाखाने फिरण्यात गेला, तुमच्यामुळे नाही. आणि तिसऱ्या दिवशी झालेलं ऑपरेशनही वाया गेलेलं नाही, त्यामुळेच ते आज उठून बसू शकतात, नाहीतर दोन-तीन महिने आडवंच ठेवावं लागलं असतं आणि त्यात फुफ्फुसं आणि पाठीची कातडी दोन्ही खराब होतात.

प्रश्न : पुतण्या 19 वर्षांचा, कॅनॉलमध्ये सूर मारला, पाणी कमी होतं. सी-5 वरून सी-6 सरकला म्हणाले. डोक्याला चिमटा लावून वजन लटकवलं, मग गळ्याच्या पुढून ऑपरेशन केलं. मार मानेच्या मागे, मग पुढून का? आता गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी टाकलीय. आणि एका नातेवाइकाचं म्हणणं की लगेच स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं असतं तर वाचला असता.
— काका, सांगली

उत्तर : मानेचे मणके एकमेकांवरून निसटून अडकतात तेव्हा रज्जू मधे चिमटते. पेशंट शुद्धीवर असेल तर डोक्याला चिमटा लावून हळूहळू वजन वाढवत ते जागेवर आणता येतात, कधीकधी तासाभरात दाब निघतो, दिसायला भयंकर वाटलं तरी ते चांगलंच केलं. पुढून जाण्याचं कारण म्हणजे मणक्यांमधली फाटलेली गादी पुढच्या बाजूला असते, श्वासनलिका आणि अन्ननलिका अलगद बाजूला सारून थेट तिथे पोचता येतं, गादी काढायची, त्या जागी हाड किंवा केज म्हणजे छोटा पोकळ ठोकळा बसवायचा आणि वर प्लेट. मागून जायचं तर मानेचे सगळे स्नायू सोडवावे लागतात. काही पेशंटना दोन्हीकडून करावं लागतं, पण तुमच्याकडे पुढून पुरलं हे ठीकच.

श्वासाचं असं की मुख्य पडदा सी-3, 4, 5 या नसांवर चालतो, तो पुतण्याचा बराचसा चालत असणार, पण बरगड्यांमधले आणि पोटाचे स्नायू गेलेत म्हणून खोकला जोरात येत नाही, कफ साठतो आणि न्यूमोनिया होतो. गळ्यातल्या नळीतून कफ ओढता येतो. या लेव्हलच्या बऱ्याच पोरांची नळी पुढे निघते, ती कायमचीच असं धरून चालू नका. छातीचा फिजिओ दिवसातून अनेकदा झाला पाहिजे, त्यासाठी हट्ट धरा.

स्टिरॉइडचं सांगतो. 1990 मध्ये एका अमेरिकन अभ्यासावरून आठ तासांच्या आत खूप मोठा डोस देण्याची पद्धत जगभर पडली. नंतर त्याच आकड्यांची चिरफाड झाली, फायदा फारच थोडा आणि डळमळीत निघाला, उलट इन्फेक्शन आणि पोटातला रक्तस्राव हे धोके खरे होते, 2013 मध्ये अमेरिकेतल्या न्यूरोसर्जन संघटनांनी ‘देऊ नका’ असा सल्ला दिला. आजही काही डॉक्टर आठ तासांच्या आत पेशंट आला तर देतात, काही देत नाहीत, दोघंही चूक नाहीत. इंजेक्शन दिलं नाही म्हणून पुतण्याचं नुकसान झालं असं म्हणायला आधार नाही. त्यापेक्षा पहिल्या तीन ते सात दिवसांत बीपी मुद्दाम जरा वर राखणं महत्त्वाचं, कारण मानेच्या माराने बीपी आणि नाडी दोन्ही खाली येतात आणि सुजलेल्या रज्जूला रक्त पुरत नाही. आयसीयूत ठेवतात ते यासाठीही.

प्रश्न : वडील 68 वर्षांचे, गच्चीच्या जिन्यावरून पडले. एल-1 फ्रॅक्चर, पायांत ताकद पूर्ण आहे. एक डॉक्टर म्हणतात ऑपरेशन, दुसरे म्हणतात बेल्ट लावून घरी जा. आई म्हणते मणक्याचं ऑपरेशन केलं की माणूस उठत नाही.
— नाशिक

उत्तर : आईंची भीती मला रोज ऐकायला मिळते. जे उठत नाहीत ते बहुतेक वेळा मुळात माराने उठत नसतात, ऑपरेशनने नाही. धोका शून्य आहे असं मात्र मी म्हणणार नाही, वय, शुगर, हृदय हे सगळं बघावं लागतं.

नसा शाबूत, मणका फार बसलेला नाही आणि मागचे लिगामेंट, म्हणजे मणके बांधून ठेवणारे पट्टे, धड असतील तर बेल्टवर भागतं, त्यासाठी ऑपरेशन करू नये असंच माझं मत. लिगामेंटचं एमआरआयवर कळतं, एक्स-रेवर नाही. मार मोजायची एक गुणपद्धत आहे, तीन किंवा कमी गुण आले तर बेल्ट, पाच किंवा जास्त आले तर ऑपरेशन आणि चार आले तर दोन्ही चालतं, म्हणजे दोन डॉक्टरांची दोन मतं यातूनही येऊ शकतात, कोणी फसवतंय असं लगेच समजू नका. बेल्ट लावून उभं केल्यावर परत एक्स-रे काढा, मणका अजून बसत चालला असेल तर विचार बदलावा लागतो. हाडांच्या ठिसूळपणाची तपासणी या वयात करूनच घ्या, नाहीतर पुढचा मणका तयारच असतो. आणि बसायच्या जागेभोवती बधिरपणा, लघवी तुंबणं, पायातली ताकद कमी होणं यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री हॉस्पिटल गाठा.

प्रश्न : आमचं गोविंदा पथक आहे. वरच्या थरावरून कोणी पडलं तर नेमकं काय करायचं?
— ठाणे

उत्तर : तुम्ही आधीच विचारताय याचं मला फार बरं वाटलं. पडलेल्याला उचलून उभं करायचं नाही, बसवायचं नाही, खांद्यावर घ्यायचं नाही, पाणी पाजायचं नाही. आधी श्वास चालू आहे का, कुठून रक्त वाहतंय का ते बघा. एकाने डोक्याशी बसून दोन्ही हातांनी डोकं आणि मान आहे तशी स्थिर धरायची आणि तो सोडून कोणीही ‘चला’ म्हणायचं नाही. कुशीवर वळवायची वेळ आलीच, समजा उलटी होतेय, तर चार-पाच जणांनी खांदा, कंबर, पाय एकाच वेळी, सगळं अंग एकसंध वळवायचं. हलवायचं तर सपाट, कडक फळीवर, दाराचं फळकूटसुद्धा चालेल. चादरीच्या झोळीत नको, रिक्षात तर अजिबात नको, आत कोंबताना कंबर वाकते आणि अर्धवट राहिलेला मार पूर्ण होतो. 108 ला फोन करा. मंडळाने दोन फोम कॉलर आणि एक स्पाइन बोर्ड आधीच घेऊन ठेवला तर टी-शर्टच्या खर्चापुढे तो काहीच नाही. आणि जवळच्या कुठल्या हॉस्पिटलात रात्री एमआरआय आणि स्पाइन सर्जन दोन्ही असतात हे सणाच्या आधी फोन करून विचारून ठेवा. तीन ठिकाणं फिरण्यात जे तास जातात ते तिथे वाचतात.

प्रश्न : टाकलेले स्क्रू नंतर काढावे लागतात का? एमआरआय चालतो का?
— बऱ्याच जणांचा

उत्तर : सहसा काढत नाहीत, इन्फेक्शन झालं, स्क्रू ढिला होऊन टोचायला लागला किंवा तुटला तरच. टायटॅनियमचे असतील तर एमआरआय चालतो, त्या जागेचं चित्र जरा खराब येतं एवढंच. डिस्चार्ज कार्डवर धातूचं नाव लिहून घ्या.

प्रश्न : एका सेंटरने स्टेम सेलची सहा इंजेक्शनं सांगितलीत, खर्च काही लाखांत. शेत विकावं का?
— बीड

उत्तर : नाही. विकू नका.

मणक्याच्या मारासाठी स्टेम सेल हा आज सिद्ध झालेला उपचार नाही. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे असा वापर फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून त्याचे पैसे घेता येत नाहीत. म्हणजे कोणी पैसे मागतोय इथेच उत्तर मिळालं. जगात खरं संशोधन चालू आहे, मानेचा अर्धवट मार असलेल्यांच्या हातांची ताकद वाढावी म्हणून कातडीवरून रज्जूला सौम्य वीज देणाऱ्या एका यंत्राला डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि उपकरणं तपासणारी तिथली सरकारी संस्था) परवानगी दिली, पण तेही सोबत भरपूर व्यायाम केला तरच, आणि पाय चालवण्यासाठी नाही. शेत राहू दे. त्यातला थोडा पैसा चांगल्या व्हीलचेअरला, जेलच्या उशीला आणि फिजिओला लावा.

प्रश्न : मुलाला डी-4 चा मार आहे, सहा महिने झाले. मधेच डोकं भयंकर दुखतं, चेहरा लाल होतो, घाम फुटतो, बीपी 190 गेलं. डॉक्टरांनी बीपीची गोळी दिली, तरी परत होतंच.
— एक आई, पुणे

उत्तर : ताई, हे साधं बीपी नाही. डी-6 किंवा त्याच्या वरचा मार असलेल्यांना असं होतं. खालच्या अंगात काहीतरी टोचतंय, तुंबलंय, ते त्याला कळत नाही पण शरीर जोरात प्रतिक्रिया देतं. बहुतेक वेळा मूत्राशय भरलेलं असतं. असं झालं की लगेच बसतं करा, कपडे आणि पट्टे सैल करा, नळी पिळली गेलीय का, बंद पडलीय का बघा, लघवी काढा, मग संडास अडकलीय का, कुठे जखम आहे का बघा. दहा-पंधरा मिनिटांत उतरलं नाही तर हॉस्पिटल, कारण मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. हे लक्षण एका कागदावर लिहून त्याच्या पाकिटात ठेवा, तालुक्याच्या डॉक्टरांनाही दाखवता येईल.

कायमची नळी असेल तर ती काढून दर चार ते सहा तासांनी स्वतः नळी घालून लघवी काढायची पद्धत शिकवा, डी-4 चे हात पूर्ण चांगले असतात, तो स्वतः करू शकतो. इन्फेक्शन कमी होतं आणि मुलगा बाहेर पडू शकतो. बिछान्यात दर दोन तासांनी कूस, खुर्चीत पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन बूड उचलायचं. 1944 मध्ये डॉ. लुडविग गुटमान यांनी इंग्लंडमध्ये स्टोक मँडव्हिलला सैनिकांसाठी वॉर्ड सुरू केला तोवर असे पेशंट बेडसोर आणि लघवीच्या इन्फेक्शनने बहुतेक लवकरच जायचे. त्यांनी कूस बदलणं, मूत्राशयाची निगा आणि खेळ यांवर माणसं जगवली, पॅरालिम्पिकची सुरुवात तिथूनच झाली. मी रोज स्क्रू टाकतो, तरी सांगतो, पेशंट पुढे वीस-तीस वर्षं जगतो तो या कामामुळे. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, ऑपरेशनच्या हॉस्पिटलमधून घरी जाण्याआधी अशा ठिकाणी काही आठवडे राहून हे सगळं शिकून घ्यावं. तुमचं राहिलं असेल तर आताही जाता येईल.

प्रश्न : भाऊ सरकारी नोकरीत, बाइक अपघातात कमरेखालून गेला. ऑफिसमधून राजीनाम्याचं बोलतायत. उपचाराचा खर्चही अंगावर आहे. पुढे काय करणार हा?
— सोलापूर

उत्तर : राजीनाम्यावर सही करू देऊ नका. दिव्यांग हक्क कायदा 2016 च्या कलम 20 प्रमाणे नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही किंवा पदावनत करता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच पगारश्रेणीत दुसरं काम द्यायचं, आणि तशी जागा नसेल तर ती मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत जादा पद तयार करून त्यावर ठेवायचं. जिल्हा रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र काढा, मग अर्ज लेखी द्या, शिक्क्याची पोच घ्या.

खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार आहेत, योजनेतल्या हॉस्पिटलच्या काउंटरवर आरोग्यमित्र असतो त्याला भेटा. शिवाय 2025 पासून केंद्राच्या योजनेत रस्ता अपघातातल्या जखमीला पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार मिळतात, हे बाकीच्या वाचकांनीही लक्षात ठेवा.

पुढे काय करणार म्हणाल तर इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले आणि 1972 मध्ये हायडेलबर्गला पॅरालिम्पिकच्या पोहण्यात भारताचं पहिलं सुवर्णपदक त्यांनी आणलं. भावाने पदक आणायची गरज नाही. त्याला ऑफिसला जायचंय. त्यासाठी रॅम्प, दार रुंद असलेलं स्वच्छतागृह आणि खालच्या मजल्यावरचं टेबल लागेल, तेही त्याच अर्जात मागा.